टाकी, मोटर आणि आईचं बटण : घरच्या ऑटोमेशनच्या नोंदी

११ जानेवारी

आज पुन्हा टाकी वाहिली. चांगली पाऊण तास. शेजारच्या काकांच्या भिंतीवरून ओघळत पाणी थेट त्यांच्या गाडीच्या सीटवर. भांडले नाहीत. गॅलरीत येऊन एवढंच म्हणाले, "इंजिनिअर, शेवाळ झालं, आता गवत उगवायचं राहिलंय. उगवलं की म्हैस आणून बांधतो."

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं जुनं घर. खालच्या भिंती दीड फुटी, वरचा मजला नंतर चढवलेला. पहाटे नळ सुटतो, पाणी हौदात पडतं. तिथून अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटर गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवते. बटण जिन्याखाली. चालू आई करते. बंद करणं हे सगळ्यांचं काम, म्हणजे कुणाचंच नाही.

दिवाळीत यावर उपाय म्हणून एक स्मार्ट प्लग आणला होता. मोबाईलवरून चालू-बंद. मग गल्लीत रस्ता खणताना फायबर तुटली आणि तीन दिवस नेट गेलं. मोटर माझ्यापासून वीस फुटांवर, पण तिला 'बंद हो' हा निरोप सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरला जाऊन यायचा. शेवटी चप्पल घालून खाली गेलो आणि प्लग उपसला.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमची एकही लाइन बाहेरच्या नेटच्या भरवशावर चालत नाही. घरची मोटर तरी का चालावी? ठरलं : मेंदू घरातच. घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर वापरायचं. फुकट, मुक्तस्रोत, २०१३ पासून चालू असलेला प्रकल्प, आणि नेट नसलं तरी घरातल्या घरात चालतो.

१८ जानेवारी

रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट चढवलं. मेमरी कार्डवर त्याची तयार प्रत लिहिली, राउटरला केबल जोडली, चहा होईपर्यंत ब्राउझरमध्ये ८१२३ पोर्टवर त्याचं पान उघडलं. यात लिहिण्यासारखं काही नाही. पायला विजेचा खर्च पाचेक वॅट, छोट्या एलईडी दिव्याइतकाच. आबांना तेवढं सांगितल्यावर त्यांची हरकत मिटली.

२६ जानेवारी

सुट्टी झिगबीत गेली, म्हणजे सेन्सर ज्या कमी विजेच्या बिनतारी पद्धतीने बोलतात तिच्यात. जिन्यात मोशन सेन्सर, हौदाच्या खोलीच्या दाराला एक, देवघरात तापमानाचा एक. शेजारी ठेवले की सगळे बोलतात, जागेवर बसवले की मुके.

दोन कारणं निघाली. पहिलं माझ्या अडाणीपणाचं : झिगबीचा डोंगल, म्हणजे सिग्नल पकडणारी काडी, थेट पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात खुपसला होता. तो पोर्ट स्वतःच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतो आणि झिगबीही तिथेच बोलतं. मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल काळ्या पोर्टवर घेतला, निम्मं दुखणं गेलं. दुसरं, वायफाय. आमचं राउटर १ नंबर चॅनलवर आणि झिगबी ११ वर. नंबर वेगळे दिसतात, जागा एकच. झिगबी २५ वर नेलं. सगळे सेन्सर पुन्हा जोडावे लागले, ते वेगळं.

उरल्या दीड फुटी भिंती. बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाहीत, विजेवरचे देतात. म्हणून माजघरात एक झिगबी प्लग कायमचा लावून ठेवला. त्याला काहीही जोडलेलं नाही. बायको म्हणाली, "हा काय करतो?" म्हटलं, निरोप्या आहे. "मग आमच्याकडे एक होताच की," म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

जिन्यातल्या दिव्याला टू-वे बटण. स्मार्ट स्विचला न्यूट्रलची वायर लागते, ती दोन्ही बोर्डांत नाही. एरवी आपल्याकडे बोर्डात सॉकेट असतो म्हणून न्यूट्रल मिळून जाते, इथे नुसतं बटण. पट्टीतून नवी वायर ओढली. अर्धा दिवस त्यातच गेला.

१ फेब्रुवारी

आज काम थोडं, गंमत जास्त.

जिन्यातला दिवा सूर्य मावळला की मोशनवर चालावा, एवढंच करायचं होतं. घराचे अक्षांश-रेखांश दिले की होम असिस्टंट सूर्याची उंची आणि दिशा आपली आपण काढतं, त्याला नेट लागत नाही. संध्याकाळी तो आकडा उघडून बसलो. मावळतीला दिशा उत्तरेपासून मोजून २५२ अंशांच्या आसपास. तेवढ्यात आई अंबाबाईच्या देवळातून आली. किरणोत्सवाचे दिवस, मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत येतात ते, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. "आज किरणं कुठंवर आली?" म्हणून आबांनी विचारलं आणि माझी ट्यूब पेटली.

किरणोत्सव वर्षातून दोनदा. दुसरा ९ ते ११ नोव्हेंबरला. मधे २१-२२ डिसेंबर, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला. १० नोव्हेंबर ते तिथपर्यंत एकेचाळीस दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा तेवढेच. दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. प्रोग्रॅममध्ये तारीख बदलून नोव्हेंबरचा आकडा काढला : २५२. आबांना दाखवला. म्हणाले, "बांधणाऱ्याकडं हे यंत्र नव्हतं."

दिवाही झाला. सूर्य क्षितिजाखाली दोन अंश गेला की.

८ फेब्रुवारी

मोटरचं काम सुरू. ईएसपी ८२६६ चा वायफायवाला चिमुकला बोर्ड, त्यावर ईएसपीहोम हा प्रोग्रॅम, आणि बाजारात मिळतो तो निळा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारं बटण. वर १० अँपिअर लिहिलंय, मोटर घेते ३. चालून जाईल.

१४ फेब्रुवारी

चाललं नाही. सकाळी रिलेला 'बंद' सांगितलं, स्क्रीनवर 'बंद' दिसलं, मोटर चालूच. सहा दिवसांत रिलेची पानं चिकटली. सुरू होताना मोटर चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, आणि रिलेवरचे ते १० अँपिअर साध्या भारासाठी असतात, मोटरसाठी नव्हे. हे मी नव्या पोरांना कारखान्यात फळ्यावर काढून शिकवतो.

काकांची भिंत पुन्हा भिजली. आज ते गॅलरीत आलेसुद्धा नाहीत. ते जास्त लागलं.

२२ फेब्रुवारी

कारखान्यात जसं केलं असतं तसं केलं. उद्यमनगरातून ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट रिले), मोटरवर ताण आला की तोडणारा ओव्हरलोड रिले, तीन पोझिशनचा सिलेक्टर आणि पत्र्याची एक पेटी आणली. ईएसपीच्या रिलेने आता मोटर नाही, फक्त कॉन्टॅक्टरला ओढणारी कॉइल चालवायची. पहिल्याच चाचणीत कॉइल सुटली की ईएसपी रीसेट होत होता. कॉइलवर शंभर ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, विजेचा झटका जिरवणारा स्नबर टाकला, थांबला.

टाकीत दोन फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारी बटणं. खालचा 'पाणी हवं' सांगणारा, तो ईएसपीला. वरचा 'भरली' सांगणारा, तो थेट कॉइलच्या सर्किटमध्ये, मधे कुठलाही प्रोग्रॅम नाही. पाण्यात २३० व्होल्ट सोडायचे नाहीत म्हणून फ्लोटना २४ व्होल्टचं वेगळं सर्किट. वरचा फ्लोट भरल्यावर उघडणारा घेतलाय. म्हणजे उंदराने वायर कुरतडली तरी मोटर बंदच पडेल, चालू राहणार नाही.

सिलेक्टरवर तीन जागा : मॅन्युअल, बंद, ऑटो. मॅन्युअलला ईएसपीचा काही संबंध नाही. उद्या सगळा संगणक खड्ड्यात गेला तरी आईची मोटर लागली पाहिजे. पेटीवर तिच्याच बटणासारखं हिरवं बटण बसवलं, जुन्या बटणाच्याच जागी, त्याच उंचीवर. हे मुद्दाम. अंधारात हात तिथेच जातो.

संध्याकाळी आईला समजवायला गेलो. तिने हात वर केला. "ते ऑटो-बिटो तुझं तुला. मला बटण कुठाय ते सांग." बटण दाबलं, मोटर लागली, खूश. अर्ध्या तासाने हाक : "अरे, मोटर बंद पडली! मी काय केलो नाही हां." टाकी भरून फ्लोटने बंद केली होती. गच्चीवर नेऊन दाखवलं. झाकण उघडून बराच वेळ आत बघत उभी राहिली. "मग एवढंच करायचं होतं की. महिनाभर काय करत होतास?"

तिचं बरोबर आहे. वाहणं थांबवायला फ्लोट आणि कॉन्टॅक्टर पुरे. इथे प्रकल्प संपवला असता तरी काकांची भिंत वाळली असती. पण माझी हौस वाळायला तयार नाही.

१ मार्च

टाकीत किती पाणी आहे ते लिटरमध्ये दिसावं म्हणून झाकणाला आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, जेएसएन-एसआर०४टी, पाण्यात भिजला तरी चालणारा. तो ५ व्होल्टवर, ईएसपी ३.३ चा, त्यामुळे परतीच्या वायरवर १० आणि २० किलो-ओमच्या रेझिस्टरची जोडी. ५ चे ३.३ झाले.

टाकीचा व्यास मीटरभर. म्हणजे एका सेंटिमीटरला आठेक लिटर.

अडचण एक : या सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसतच नाही. टाकी भरत आली की आकडा नाचायला लागतो. झाकणाला भोक पाडून सहा इंची पीव्हीसीचा तुकडा उभा केला आणि सेन्सर त्याच्या टोकाला नेला. गच्चीवरून बघितलं तर आता टाकीला धुराडं आलंय.

१९ मार्च

गुढी उभारायला गच्चीवर गेलो तर मोबाईलवर ९४० लिटर, झाकण उघडून बघितलं तर अर्धी टाकी. पहाटे झाकण गार, पाणी कोमट, सेन्सरच्या तोंडावर दव धरतं आणि तो स्वतःचेच थेंब मोजतो. तोंड थोडं तिरपं केलं, सात मापांतलं मधलं धरायचं असं फिल्टर लावलं. बरंच सुधारलं.

दुपारी दुसरी तऱ्हा. पाणी न भरताच तीस-एक लिटर वाढतं. आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर. काळ्या टाकीत पाण्यावरची हवा ४५ अंशांपर्यंत तापते. प्रतिध्वनी लवकर परततो, सेन्सरला वाटतं पाणी जवळ आलं. तापमानाचा सेन्सर घालून दुरुस्ती करता येईल, पण करणार नाही. मोटर फ्लोटवर चालते. हा आकडा फक्त बघायला, आणि तीस लिटरने आमच्या घरात कुणाची अंघोळ अडत नाही.

५ एप्रिल

वळवाचा पाऊस, वीज चार वेळा गेली-आली, आणि चौथ्या वेळेला रास्पबेरी पाय उठलाच नाही. मेमरी कार्ड गेलं. दोष कार्डाला काय द्यायचा. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरचा प्रत्येक आकडा डेटाबेसमध्ये लिहीत बसतं, आणि लिहिता लिहिता वीज जाते.

बॅकअप होता का? होता. कुठे? त्याच कार्डवर.

शाहूपुरीतून जुना ऑफिसमधला मिनी पीसी आणला, एसएसडीवाला. दहा वॅट खातो, महिन्याला सात युनिट. तो आणि राउटर दोन्ही यूपीएसवर. बॅकअप आता रोज रात्री पेन ड्राइव्हवर, आणि रविवारी माझ्या लॅपटॉपवर. सगळं नव्याने उभारायला तीन रात्री.

त्या तीन रात्रींत मोटर मात्र ऑटोवर चालत होती, कारण तिचा प्रोग्रॅम ईएसपीतच आहे. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. आई म्हणाली, "मोटर मधेच आचके देतीय."

दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली पाट टाकून बसलो. मोटर लागली. पंधरा मिनिटं झाली, खट्. बंद. काही सेकंदांत पुन्हा खट्, चालू. पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा खट्.

ईएसपीहोममध्ये मुळातच अशी सोय आहे की पंधरा मिनिटं सर्व्हरशी, म्हणजे होम असिस्टंटशी, संपर्क झाला नाही तर बोर्डाने स्वतःला रीबूट करायचं. अडकलं असेल तर सुटावं म्हणून. कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. सर्व्हर टेबलावर उघडा पडलेला, म्हणून बोर्ड दर पंधरा मिनिटांनी झोपून उठत होता आणि मोटर सोडत होता. एपीआय (सर्व्हरशी बोलायची वाट) आणि वायफाय दोन्हीकडचा रीबूट टाइमआउट शून्य केला. आचके बंद.

ज्या गोष्टीसाठी स्क्रीनवर चार आलेख काढून ठेवलेत ती आईने स्वयंपाकघरात बसून आवाजावरून ओळखली.

३ मे

पाणी एक दिवसाआड. हौद कोरडा आणि मोटर नुसतीच घरघरतेय, असं दोनदा झालं. सील जळायला वेळ लागत नाही.

वीज मोजणारं पीझेम-००४टी बसवलं, करंटची कॉइल मोटरच्या फेजभोवती. आधी अँपिअरवर पकडायला गेलो. पाण्यासकट ३.१, कोरडी २.५. त्यात व्होल्टेज रात्रीचं २४५, संध्याकाळी २००, म्हणजे अँपिअर एरवीही तेवढे हलतातच. मग वॅट बघितले : पाण्यासकट ६३०, कोरडी ३९०. हा फरक डोळ्यात भरतो. सिंगल फेज मोटर रिकामी फिरताना करंट फारसा सोडत नाही, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरं काम करणारा वाटा, पडतो. आता वीस सेकंद सलग ४५० च्या खाली गेलं की बंद. वर ५० मिनिटांची कमाल मर्यादा, कारण टाकी भरायला लागतात चाळीस. हे दोन्ही ईएसपीतच.

सिलेक्टर कुठल्या जागेवर आहे तेही आता नोंदवलं जातं, एका जादा कॉन्टॅक्टवरून. त्याचा उपयोग पुढे काय होईल ते अजून सुचलेलं नाही.

२४ मे

घोषणा. मिनी पीसीला जुना स्पीकर लावला. संगणकाच्या आवाजात मराठी बोलवून बघितलं, आबा म्हणाले रेल्वे स्टेशनवर बसल्यागत वाटतं. मग लेकीचा आवाज मोबाईलवर टेप केला. तीन फायली : "आजी, टाकी भरलीऽ", "आजी, हौद संपला", आणि तिने स्वतःहून घातलेली "बाबा, झोपा आता". तिसरी रात्री साडेअकराला वाजते. बंद कशी करायची ते मला माहीत आहे. करायला परवानगी नाही.

बाहेरून घर बघायचं तर आमच्या नेटला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही, पोर्ट उघडून उपयोग नाही. बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं टेलस्केल टाकलं, दहा मिनिटांत झालं. घरचे आकडे आता कारखान्याच्या कँटीनमध्ये दिसतात. पुढे.

२१ जून

पाऊस लागला. आबांची वही बाहेर आली.

२०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. त्या दोन्ही वर्षी ते ५५ च्या वर गेलं. चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपशाचे पंपच बुडालेले. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी होतं आणि प्यायला टँकरची रांग. तेव्हापासून आबा पावसाळाभर रोज सकाळी पातळी वहीत लिहितात. शेजारी आदल्या दिवशीपेक्षा किती वाढली ते, आणि राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर एक फुली.

त्यांना म्हटलं, हा आकडा यंत्रातपण भरा. भिंतीवर जुना टॅबलेट टांगला, एकच रकाना, मोठे आकडे. आबांनी चष्मा लावून भरला, मग वहीतही लिहिला. "वीज गेल्यावर हे दिसतं का?" यूपीएस आहे म्हटलं. "ते संपल्यावर?" वही चालू राहिली.

सूचनेचा नियम त्यांच्या वहीवरून बसवला, माझ्या डोक्यातून नाही. पातळी ३५ च्या वर आणि दिवसात दोन फूट वाढ, किंवा सरळ ३९ : टाकी, हौद, पिंपं सगळं भरून घ्या. लेकीने चौथी फाइल टेप केली. "आजी, नदी वर आलीय. पाणी भरून ठेव." दोनदा म्हणायला लावली, पहिल्यांदा हसत होती.

१२ जुलै

रात्रभर झोडपलं. आबांनी सकाळी सहा वाजता आकडा भरला, वाढीचा नियम पहिल्यांदाच लागू झाला, ६.०४ ला स्पीकरवरून लेकीचा आवाज सगळ्या घरात घुमला. मी अंथरुणातून उठून खाली धावलो. म्हटलं, बघूया आई काय करते.

आई चहा गाळत होती. मोरीत दोन पिंपं काठोकाठ, घागरी ओळीने, पातेल्यांवर ताटल्या झाकलेल्या, हौदही भरलेला.

वर येऊन नोंद उघडली. मोटर चालू ४.५१, सिलेक्टर मॅन्युअल. बंद ५.२८, फ्लोटने. पुन्हा चालू ५.३३, मॅन्युअल.

"तुला कसं कळलं गं?"

"रात्री पन्हाळीचा आवाज बदलला की."

पन्हाळीखाली मायक्रोफोन लावून बघायचा. ईएसपी ३२ एक शिल्लक आहे.